अक्काच्या डोक्यावरची आई

आईला डोक्यावर घेऊन आयुष्यभर मिरवणारी लेक मी एकच पाहिली. ती माझी थोरली जाऊ. सगळं मखमलाबाद तिला अक्का म्हणायचं. भांगाच्या जरा डावीकडे तिला झेंडूच्या पाकळीएवढी पिवळट जन्मखूण होती. तिथे केस उगवत नसत. अक्का पोटात असताना तिच्या आईनं ग्रहणात डोकं खाजवलं आणि बोट लागलं तिथेच लेकीला खूण उमटली, असं अक्काचं ठाम म्हणणं. आई तर अक्का पाळण्यात असतानाच गेलेली. मागे ना फोटो, ना लुगडं. म्हणून अक्का त्या खुणेलाच आई म्हणायची. नुसती म्हणायची नाही, सल्ले घ्यायची. पदराखाली बोट घालून विचारायची, "काय गं आई, फुलं आज तोडावी का उद्या?" खूण खाजली की आज. एकदा दसऱ्याच्या तोंडावर आईच्या सल्ल्यानं माल थांबवला आणि सण उलटल्यावर झेंडूला कुत्रं विचारेना. आम्ही टोपल्या गाईंपुढे ओतल्या, तर म्हणते कशी, "तिला कशाला बोल लावता? ती कधी बाजारात गेली व्हती?"

मी घरातली एकुलती एक मॅट्रिक पास सून. शहाणपण इतकं, की रात्री काढून ठेवायला फडताळ पुरत नसे. पुढे, नव्वद सालानंतर कधीतरी, ती खूण वाढू लागली. फणी लागली की रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, राहिली तर पुढे त्रास व्हायचा. अक्का ऐकेना. मग मी विज्ञान बाहेर काढलं. मोसंबं सूर्य, पेरू पृथ्वी, लिंबू चंद्र, आणि स्वयंपाकघरात तासभर ग्रहण लावलं. अक्कानं निमूट ऐकलं, सूर्य सोलला, अर्धा मला दिला. "तुझं खरं असंल, धाकटे. पण मग माझ्यापाशी आईचं काय उरलं?" मी मोसंब्याच्या बिया गोळा करत बसले.

शेवटी तिनं आईलाच विचारलं. आई काय म्हणाली ते सांगितलं नाही, पण सकाळी नवं लुगडं नेसून तयार. रिक्षा शहरात द्वारकेच्या चौकात अडकली, तेव्हा हिचा हात डोक्यावरच. जत्रेत लेकराचा हात धरावा तसा. डॉक्टरांनी जागा बधिर केली, तोंड राहिलं. "हळू हां दादा, आई हाय माझी." काम उरकल्यावर तुकडा मागू लागली.

"तो तपासायला जातो, आजी."

"एकटीच जाणार?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

तपासणीत वाईट काही निघालं नाही. पण अक्काचं विचारणं संपलं. बोट सवयीनं पदराखाली जायचं आणि तसंच परत यायचं.

काही वर्षांनी माझी सून गरोदर असताना ग्रहण आलं. अक्का तिच्या शेजारी जाऊन बसली. मला वाटलं, आता पोरीला हलूसुद्धा देणार नाही. अक्का हळूच म्हणाली, "डोकं खाजव गं जरा. लेकराजवळ आईचं कायतरी असू दे."

सुनेनं हसत खाजवलं. नात झाली. अक्कानं चष्मा लावून तिचं जावळ केस न् केस धुंडाळलं, काही नाही. अक्काचं तोंड एवढंसं झालं.

"ग्रहण पुरतं लागलं नसेल," मी म्हणाले. मी! मॅट्रिक पास!

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. नातीच्या डोक्याला तेल लावताना माझं बोट भांगाच्या डावीकडे रेंगाळतं. ती कुरकुरते, "आजी, तिथेच किती चोळतेस? उरलेलं डोकं कुणाचंय?"

"गप बस," मी म्हणते. "उमटेल कधीतरी."