जावयाचे डोळे

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे — घरच्यांना सांगायची हिंमत असती तर तुमच्यापाशी कशाला आले असते?

माझी शाळा चौथीपर्यंत. पण माणूस खरं बोलतो की खोटं, हे आपल्याला बरोबर कळतं, असं मी आयुष्यभर समजत आले. त्यातूनच हे झालं.

माझी लेक नंदा बुलढाण्याला नर्स आहे. तिच्या नवऱ्याचे, विलासचे, डोळे लग्नानंतर हळूहळू गेले. आधी अंधारात दिसेना, मग दिवसाचंही. त्याने दुकानातली नोकरी सोडली. सगळे हळहळले. मी नाही. मला वाटायचं — थोडं तरी दिसत असणार. बायको कमावते आहे, मग कामावर कोण कशाला जातो?

मग त्या दोघांनी ती लांब सायकल आणली. दोन सिटांची, दोघांनी पायडल मारायची. पुढे नंदा, मागे तो. पुढच्याने रस्ता बोलायचा — खड्डा, उतार, वळण — आणि मागच्याने त्या बोलण्यावर अंग टाकायचं. अशी ती दोघं पार कन्याकुमारीला गेली. येताना रेल्वेने नांदुऱ्याला उतरली आणि तिथून पुन्हा सायकलने वडनेरला, माझ्या दारात.

दोघंही उन्हाने करपलेली, वाळलेली, आणि हसू आवरेना. मी भाकरतुकडा ओवाळला. ओवाळताना माझं लक्ष लेकीकडे नव्हतं. विलासची मान माझ्या हाताबरोबर फिरली — मी पाहिलं. बांगड्या ऐकून फिरली असेल? तेव्हा हे सुचलं नाही. सुचू दिलं नाही म्हणा.

जेवताना गप्पा रंगल्या. विलास म्हणाला, “समुद्र हिरवा होता, मामी. काठाशी मातकट.”

“तुमाले कसा दिसला, जावईबापू?”

“नंदीनं दाखवला न. तोंड थांबतच नाही तिचं. पण एवढ्या वाटेत एक डाव पाडलं नाही मले.”

“पाडलं असतं तं मीबी पडली असती न संगं,” नंदा म्हणाली. सगळे हसले.

मला हसू आलं नाही. हिरवा म्हणे.

ओसरीपासून नळापर्यंतची वाट नंदाने त्याला सांगून ठेवली होती — सरळ, मधे काही नाही. त्या भरवशावर तो काठीशिवाय जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदा आत कणीक मळत होती. मी लोखंडी घमेलं उचललं. आदल्या संध्याकाळी तिने त्यातच पाणी घेऊन सायकल धुतली होती. ते नेऊन मी वाटेच्या मधोमध ठेवलं. आणि अंगणातल्या चुलीपाशी येऊन बसले. दिसत असेल तर थांबेल. एवढंच बघायचं होतं मला.

तो थांबला नाही.

ओरडायला वेळ होता. तो घमेल्याच्या अलीकडे होता तेव्हाच मला कळलं होतं — ते डोळे कुठेच बघत नव्हते. तरी मी तोंड उघडलं नाही. का? शेवटपर्यंत बघायचं होतं? हो. तसंच.

तो नळाच्या ओट्यावर आपटला. मनगट मोडलं, पुढचा दात गेला. नंदा पिठाच्या हातांनी धावत आली. घमेलं दिसलं तशी म्हणाली, “म्याच ठेवलं असन हे. सायकल धुतली न उचललंच नाही. तुमाले सांगतलंबी नाही.”

निदान तेव्हा तरी बोलायचं होतं. मी काय बोलले, ते ऐका — “ध्यान ठेवा लागते, बाई, आंधळ्या माणसाचं.”

माझ्या तोंडाने. माझ्याच लेकीला.

हात जुळला. पण नंदा पुढच्या सिटावर पुन्हा बसली नाही. त्यांना नर्मदेच्या काठाने जायचं होतं. विलास किती मागे लागला. “माह्या बोलण्याचा भरवसा नका धरू,” एवढंच ती म्हणायची. शेवटी सायकल विकली. आता ती त्याचा हात सोडत नाही. उंबरा सांगते, पायरी सांगते, एकच गोष्ट दोनदा. दवाखान्यातही इंजेक्शन भरलं की दुसऱ्या नर्सला दाखवून घेते म्हणे. आणि तो — उतारावर वारा खात जाणारा माणूस — दिवसभर खुर्चीत.

या दिवाळीला ती दोघं एसटीने आली. नंदा आत होती. विलास ओसरीत माझ्यासमोर बसला होता.

“मामी,” तो हळूच म्हणाला, “त्या सकाळी घमेलं टेकवल्याचा आवाज आलता मले. वाटलं, तुमी नळापाशी ठेवलं. नंदी तवा आतमधी होती.”

रागावला नव्हता. वाट पाहत होता. इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं, आणि नंदाला सांगायचं त्याने माझ्यावर सोडलं होतं — की मला धाकात ठेवायला? बघा, अजून माझा संशय जात नाही.

“मांजर असन,” मी म्हटलं.

“हाव,” तो म्हणाला. “असन.”

तेवढ्यात नंदा बाहेर आली. त्याच्या काखेत हात घालून तिने त्याला उठवलं. “पायरी हाय,” ती म्हणाली. मग थांबली, वाकून स्वतः पाहिलं, आणि पुन्हा म्हणाली, “एकच हाय.”

मी बसल्या जागेवरून बघत होते.