शेळीच्या पापणीखाली

मांजरसुंब्याला एसटीतून उतरले तेव्हा कंबरेचे पार बारा वाजले होते. मी फक्त बालाघाटचे डोंगर बघणार, असं मावसबहीण सुनंदाला फोनवर बजावलं होतं. पण ती पाटोद्याला जनावरांची डॉक्टर. घ्यायला आली ती औषधांची पेटी घेऊनच. "वाटेत एक शेळी बघू," म्हणाली. मला शेळ्यांचं काडीचं कौतुक नाही. पण स्कूटर तिची होती, म्हणून मागे बसले.

सीताफळांनी भरलेले उतार मागे पडले आणि पाटोद्याच्या अलीकडे एका वस्तीवर आम्ही थांबलो. शेळ्यांवरच घर चालवणाऱ्या जैतूनबी दारात वाट बघत होत्या. त्यांची गाभण शेळी, चांदणी, बाभळीखाली बसून होती. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज.

"जंताचं औषध दोनदा पाजलं, डॉक्टरीणबाई. कावून गुण येईना?" जैतूनबींनी सूज दाखवत विचारलं.

सुनंदानं चांदणीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून मला दाखवली. आतून पांढरीफटक. शेजारच्या शेळीची पाहिली, तर लालचुटुक. जंत पोटात बसून रक्त पितात आणि त्याचा पत्ता डोळ्यात लागतो! मी तोंडात बोटं घातली.

"औषध पाजता कसं, खाला (मावशी)?" सुनंदानं विचारलं.

"बाजारातून बाटली आनते. समद्यांना पुरत न्हाई, मग थोडं पानी घालते. पाहुने वाढले की आमटीत घालतोच की. एकीला द्यायचं अन् एकीला न्हाई, आसला दुजाभाव मला जमत न्हाई."

"आमटीचं ठीक आहे. पण औषध पातळ केलं की लेचेपेचे जंत मरतात, दांडगे उरतात. त्यांचीच पिलावळ माळभर होते. आता ते तुमच्या बाटलीला भीक घालत नाहीत." सुनंदानं पेटीतून दुसरं औषध काढलं. "हे चांदणीला, पुऱ्या मापानं. लाल पापणीच्यांना थेंबही नाही."

"अन् त्यांच्या पोटातले जंत?"

"राहू द्या थोडे. त्यांनी हे नवं औषध चाखलेलं नाही. त्यांची वीण यातून वाचणाऱ्या दांडग्यांत मिसळली, तरच हे औषध पुढेही लागू पडेल."

औषध जगवायचं तर थोडे जंतही जगवायचे!

जैतूनबी बराच वेळ चांदणीच्या जबड्यावरून हात फिरवत राहिल्या. "म्हंजे समद्यांना सारखं द्यायच्या नादात हिच्याच वाट्याचं मी वाटून टाकलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच तिचं तोंड धरलं.

जेवायला बाजरीची भाकरी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या पिठाची) आमटी होती. तेवढ्यात एका शेळीनं माझी अर्धी ओढणी फस्त केली. सुनंदा सांगत होती, जंतांची पिल्लं सकाळच्या दवात चरणारीच्या पोटात जायला गवताच्या पात्यांवर चढून बसतात, ऊन तापलं की खाली उतरतात. मी समोरच्या माळाकडे नव्यानं बघू लागले. एवढ्याशा जिवाची केवढी ही हुशारी! "मग ऊन चढल्यावर सोडीन," जैतूनबी म्हणाल्या. "बाभळी-बोरीचा पाला खाऊ दे वरचा."

पुण्याला परतल्यावर मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या जंतापुढे आपण सगळे मिळून औषधाचा डाव हरतो, आणि जिंकायचं तर हात आखडता घ्यायचा. लोक ऐकून घ्यायचे आणि डोंगरांचे फोटो मागायचे.

मग एकदा सुनंदाच्या फोनवरून जैतूनबी बोलल्या. "चांदणीच्या पापनीला लाली आली, बाई. व्याली बी. पाठ (मादी पिल्लू) हाय."

बाकीच्यांना औषध पाजलं का, हे विचारल्यावाचून मला राहवेना.

"न्हाई. बाटली हातात घेतली हुती. समद्या तोंड वर करून बगत हुत्या. लई वंगाळ वाटलं. पन ठिवली माघारी." मग म्हणाल्या, "औषधात जोर ऱ्हायला पायजे. ही पाठ मोठी झाल्यावर हिला लागंल की."