मागचं चाक आधी

फोन आला तेव्हा मी शीळफाट्याच्या पुढे एका इमारतीत सहाव्या मजल्यावर होते आणि एका आजींच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, हे माझं काम. सुई आत असताना फोन घ्यायचा नाही हा नियम मी कधी मोडलेला नाही, त्यामुळे खिशात तो थरथरत राहिला. नळी भरली, आजींच्या हातावर कापूस दाबला आणि मग बघितलं तर नवऱ्याचे चार मिस्ड कॉल. लिफ्टमधून उलटा फोन लावला, तर नीलेश एवढंच बोलला, आबा गेले, चहा पिता पिता गेले, तू सावकाश ये. आबा म्हणजे माझे सासरे. खाली येऊन मी गाडीला किल्ली लावली… आणि परत काढली. गाडीभोवती फिरले. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघितले, चेन बोटांनी वर-खाली केली, मागचा ब्रेक पायाने दाबला. वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. माणूस गेल्याची बातमी कानात ताजी आणि ही बाई टायर दाबतेय! पण हे केल्याशिवाय गाडी सुरू करायला हातच तयार नव्हता. आबांनी तो तसा तयार केला होता. तिथेच, त्या मागच्या चाकापाशी बसून मी रडले आणि मग शांतपणे गाडी चालवत बाळकुमला आले.

आबा पक्के बाळकुमचे. त्यांच्या लहानपणी घरची भातशेती होती, मिठागरात सगळं घर राबायचं. आता त्या जागेवर टॉवर उभे आहेत आणि टॉवरांच्या मधोमध आमचं ओट्याचं घर तेवढं उरलंय. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी आणि आवाज असा की समोरच्या टॉवरमधल्या लोकांना आमच्या घरातलं भांडण फुकटात ऐकायला मिळायचं. मी डोंबिवलीची, माझीही जीभ काही म्यान केलेली नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच आमचं जुंपलं होतं, ते शेवटपर्यंत जुंपलेलंच राहिलं. त्यांच्याशी भांडल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटायचा नाही आणि त्यांनाही वाटत नसावा.

लॅबची ही नोकरी मिळाली तेव्हा अट एकच होती, स्वतःची दुचाकी हवी. सोमवारी हजर व्हायचं होतं. लग्नाआधी मी वडिलांची मोटरसायकल चालवायचे, त्यामुळे मला स्कूटर नकोच होती. आमच्या त्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत मोठी चाकंच बरी. डोंबिवलीत एका ओळखीच्याच्या ओळखीने एक जुनी मोटरसायकल मिळाली. काय चकाचक होती! टाकी आरशासारखी, सीटला नवं कोरं कव्हर, नंबरप्लेटवर मालकाच्या मुलांची नावं. मालक म्हणाले, नुसती ऑफिसला जाऊन यायची हो, हात लावायची गरज नाही. मी ती शनिवारी संध्याकाळी दिमाखात घरी आणली. सासूबाई नारळ, हळद-कुंकू, झेंडूचा हार घेऊन तयारच होत्या. गावदेवीला न्यायची, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, की झालं. गल्लीतली माणसंही ओट्यांवर येऊन उभी राहिलेली. ती पूजेसाठी नव्हती आली. आबा सुनेला मोटरसायकलवर बसू देतात का, ते बघायचं होतं त्यांना.

आबा आले. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या ब्रेकवर पाय दाबला. मग किल्ली काढली आणि दाराच्या चौकटीला एक खिळा होता त्याला टांगली. गल्लीला वाटलं, झालं, सुनेची हौस संपली. मलाही तेच वाटलं आणि माझं डोकं सटकलं. मी विचारलं, मी बाईमाणूस म्हणून अडवताय का? ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी कुठल्या परक्या भाषेत बोलले. म्हणाले, बाईचा काय संबंध, गाडीला ब्रेक नाय. असली गाडी देवीसमोर नेऊन काय सांगू तिला, तूच धर म्हणून? सासूबाईंनी खूप समजावलं की मुहूर्त टळतोय. आबा एवढे देवभोळे, गावदेवीच्या पालखीला खांदा द्यायला भांडणारे. पण त्या दिवशी हटले नाहीत. नारळ देव्हाऱ्यात जाऊन बसला.

रविवारी सकाळी त्यांनी त्यांची प्लास्टिकची खुर्ची अंगणात मांडली. तिचा एक पाय मोडलेला, तो तारेने बांधलेला. नट खोलायचे पाने माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, मागचं चाक आधी खोल. मला वाटलेलं ते स्वतः करतील, मी बघेन. छे! गुडघ्यांचं निमित्त करून खुर्चीतून उठलेच नाहीत. मी वैतागून विचारलं की गॅरेज कशाला असतात मग. तेव्हा ते जे बोलले ते मला पाठ आहे.

"शीळफाट्याला बंद पडली तर मी येणार हाय का गो, पाना घेऊन?"

चाक निघालं. आत ब्रेकच्या लायनरवर रबर म्हणून शिल्लकच नव्हतं, लोखंडावर लोखंड घासत होतं. काल येताना पुढच्या ब्रेकवर निभावलं होतं, पण मुंब्रा बायपासच्या उतारावर, मागे कंटेनर असताना मी हा ब्रेक दाबला असता… आबा खुर्चीतून फक्त "बघितलंस?" एवढंच म्हणाले. मग एकेक उघडत गेलो. ऑईल काढलं ते डांबरासारखं काळं. एअर फिल्टर मातीने बुजलेला. क्लचची वायर हँडलपाशी चार-दोन तारांवर तग धरून होती. बॅटरीच्या टोकांना पांढरी बुरशी. टायरवर नक्षी ठीकठाक होती, पण बाजूने रबराला भेगा गेलेल्या, टाचेला पडतात तशा. आणि बाहेरून ती टाकी आरशासारखी चमकतेय! पहिल्या मालकाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या छापण्यासारख्या नाहीत.

हे सगळं एका रविवारात होणारं नव्हतं. सोमवारी लॅबला फोन करून चार दिवस मागितले, तर साहेब म्हणाले, दुसरी मुलगी तयार आहे, बघा तुम्ही. फोन ठेवला आणि मी आबांवर तुटून पडले. माझी नोकरी गेली तर काय, तुम्ही मला दुसरी आणून देणार का? किल्ली द्या, मी हळू चालवीन. आबांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आलेला मी ऐकला.

"नोकरी दुसरी बघू गो. तू दुसरी कुठून आणू…"

त्यांनी पायात चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. अर्ध्या तासाने दारात त्यांच्या पुतण्याची रिक्षा उभी, आत आबा बसलेले. म्हणाले, चल, कामाला चल. गाडी होईपर्यंत मी रिक्षाने नमुने गोळा केले आणि शेजारी आबा, नमुन्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. जिने चढायचे नाहीत, पण खाली बसून पेशंटच्या नातेवाइकांना सल्ले द्यायचे. कळव्यात एका गृहस्थांनी तर मला विचारलं, मोठे डॉक्टर खाली का थांबलेत? लॅबच्या साहेबांना अखेरपर्यंत कळलं नाही की त्यांची नवी मुलगी सासऱ्यासकट हजर झालीये. नोकरी राहिली.

आता आबांना सगळं यायचं असं कोणी समजू नका. चेन त्यांनी माझ्याकडून एवढी घट्ट आवळून घेतली की गाडी ढकलायला दोन माणसं लागली. कापूरबावडीचा गॅरेजवाला म्हणाला, काका, अशाने चेन तुटेल, थोडी ढिली पाहिजे. आबा त्याच्याशी भर रस्त्यात भांडले, तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय वगैरे सगळं झालं. संध्याकाळी मात्र माझ्याजवळ येऊन, इकडेतिकडे बघत म्हणाले, चेनला दोन बोटं ढील ठेव, घट्ट चेन चांगली नाय. जशी काही ही अक्कल मीच गमावलेली आणि त्यांनी ती शोधून आणलेली. मी हसू दाबलं आणि नट सैल केला.

गाडी देवीकडे गेली तेव्हा मधे एक आठवडा उलटून गेला होता. पहिला नारळ केव्हाच माशाच्या कालवणात गेलेला, सासूबाईंनी दुसरा आणला. आबांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि गल्लीकडे अशी नजर टाकली की सगळे आपापल्या घरात गेले. त्यानंतर दर रविवारी सकाळी ती खुर्ची अंगणात यायची. मी चेन पुसायचे, हवा बघायचे, ते ओरडायचे. गाडीने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही.

आबा गेल्यावर तेराव्यापर्यंत किल्ली त्या खिळ्यालाच होती. खुर्ची सासूबाईंनी उचलून पडवीच्या कोपऱ्यात ठेवली, तिच्यावर कोणी बसत नव्हतं. नीलेश म्हणाला, विकून टाकू, नवी इलेक्ट्रिक स्कूटर घे, आता कोण बघणार तिच्याकडे. बिचारा माझ्या काळजीनेच बोलत होता. मी म्हटलं, मी बघणार. विषय संपला. चौदाव्या दिवशी कामावर गेले आणि पुढच्या रविवारी एकटीने ऑईल बदललं. ऑईल थोडं अंगणात सांडलं, कोणी ओरडलं नाही. त्या शांततेचा फार राग आला मला. पण बदललं.

आणि परवा, शनिवारीच, प्राजक्ता आली. आमच्या लॅबमध्ये नवीन लागलेली, कल्याणची मुलगी. जुनी मोटरसायकल घेतलीये आणि सुजाताताईंना, म्हणजे मला, दाखवायची म्हणून थेट बाळकुमपर्यंत चालवत आणलेली. हँडलला हार, हातात पेढे आणि नारळ. टाकी आरशासारखी. मी भोवती एक फेरी मारली, मागच्या ब्रेकवर पाय दाबला. तो थेट खाली गेला. मी किल्ली मागितली. तिला वाटलं मला चक्कर मारायचीये, हसत हसत दिली. मी ती नेऊन खिळ्याला टांगली.

तिचा चेहरा पडला. "ताई, अहो सोमवारी जॉइन व्हायचंय मला!"

"माहितीये," मी म्हटलं. "सोमवारी रिक्षाने जाऊ, मी येते बरोबर. शीळफाट्याला बंद पडली तर कोण येणार आहे गं तुझ्याकडे?"

सासूबाई दारात आलेल्या मला दिसल्याच नव्हत्या. त्यांनी खिळ्याकडे बघितलं. मग प्राजक्ताच्या हातातला नारळ घेतला, देव्हाऱ्यात ठेवून आल्या आणि पडवीच्या कोपऱ्यातली ती खुर्ची उचलली. पदराने पुसली, अंगणात आणून गाडीच्या मागच्या चाकापाशी मांडली. मी उभीच राहिले. मला धीर होईना.

"बस गो," त्या म्हणाल्या.

मी बसले. तारेने बांधलेला पाय जरासा करकरला आणि टिकला. पाने प्राजक्ताच्या पुढ्यात टाकले आणि समोरच्या टॉवरपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "मागचं चाक आधी खोल!"