सासूबाईंना अटक झाली तेव्हा

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिराची ठाम समजूत आहे की जगातली कुठलीही गोष्ट घरबसल्या शोधता येते. त्या दिवशी पुण्याहून आमच्याकडे येणाऱ्या सासूबाई दुबईच्या विमानतळावरून बाहेरच आल्या नाहीत. त्यांचा फोन बंद लागत होता, आणि हा तिकडून मला शिकवत होता, "वहिनी, अरेस्ट रेकॉर्ड सर्च करा ना. आमच्या इथे काउंटी जेलच्या साइटवर नाव टाकलं की सगळं येतं. फोटो, चार्ज, कधी आत घेतलं, सगळं." इथे काउंटी नाही आणि अशी साइटही नाही, हे मी त्याला चार वेळा सांगितलं. तरी त्याने नमुन्यादाखल तिकडची एक लिंक पाठवलीच. मी उघडली. अनोळखी माणसांचे फोटो एकाखाली एक, विस्कटलेले केस, भेदरलेले डोळे, खाली नाव आणि गुन्हा. मला ते बघवेना. फोन पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याला म्हटलं, चल, आपण पायांनी शोधू.

काय झालं असावं हे आम्हाला त्याच विमानातून आलेल्या एका बाईंकडून कळलं होतं. पुण्याच्या एक साडीतल्या आजी होत्या, त्यांच्या बॅगेतून कसलीशी पुडी निघाली आणि कस्टमवाल्यांनी त्यांना बाजूला घेतलं, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "खसखस," एवढंच तो म्हणाला.

दिवाळी तोंडावर आली होती आणि सासूबाई येणार म्हणजे अनारसे होणार. खसखशीवर थापल्याशिवाय अनारसा होतो का? पुण्यात ती कुठल्याही वाण्याकडे मिळते. इथे मात्र अफूच्या बोंडातली म्हणून ती अमली पदार्थांत मोडते. सोनं किती चालतं, औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी कशी ठेवायची, हे सगळं आम्ही त्यांना फोनवर पढवलं होतं. खसखस काही कुणाच्या डोक्यात आली नाही. आणि आता माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन लागतं, आणि त्या कुठे आहेत हे आम्हाला ठाऊक नाही.

नवरा इथल्या अल क्वोज भागातल्या एका गोदामाचे हिशेब सांभाळतो. एरवी सप्लायरवर आवाज चढवणारा हा माणूस पोलिसांच्या खिडकीपुढे शब्दच विसरला. मग मीच बोलत सुटले. विमानतळावरच्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे. सगळे नम्रपणे बोलत, पाणी विचारत, पण माहिती कुणी देईना. एकीकडे तर मी इतकी चिडले की हिंदी, इंग्रजी आणि मराठी एकाच वाक्यात आली. त्यावर तिथला तरुण अधिकारी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आप बहू है. बेटा कहाँ है? प्रूफ चाहिए." आईची माहिती हवी तर तो तिचाच मुलगा आहे याचा पुरावा. आता जन्माचा दाखला पुण्याच्या कपाटात. तेवढ्यात नवऱ्याने पासपोर्टचं शेवटचं पान उघडून पुढे धरलं. आपल्या पासपोर्टवर तिथे आईचं नाव छापलेलं असतं. इतकी वर्षं त्या पानाकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

अधिकाऱ्याने ते नाव कॉम्प्युटरवरच्या नावाशी ताडून पाहिलं आणि त्याचा आवाज मऊ झाला. माँ ठीक आहे, अमली पदार्थ विभागाकडे आहे, डॉक्टरने बघितलंय, इन्शुलिन दिलंय, असं त्याने सांगितलं. पुडी तपासायला गेली आहे. सुटका कधी, या प्रश्नावर त्याने हात वर केला. "कल, इन्शाल्ला." मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. घरी आल्यावर लेकीने दारातच विचारलं, "मॉम, इज आजी इन जेल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सोडलं. हेतू वाईट नव्हता असं वरच्यांचं मत पडलं, पुडी जप्त झाली, समज देऊन प्रकरण मिटलं. मला वाटलं होतं, बाहेर येईल ती खचलेली म्हातारी असेल. पण त्या आल्या त्या केस नीट विंचरून, पदर सारखा करून. मागून आलेल्या पोलीसबाईने त्यांना "मामा", म्हणजे इथल्या भाषेत आई, म्हणत मिठी मारली. आत एक फिलिपिनो मुलगी सारखी रडत होती म्हणे, तिचं डोकं मांडीवर घेऊन या थोपटत बसल्या होत्या. कुठल्या भाषेत समजावलंत, विचारलं तर म्हणाल्या, "थोपटायला भाषा कशाला लागते?" अशा बाईवर मी एकेकाळी पोळीच्या जाडीवरून रुसले होते.

गाडीत बसल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना चांगल्या वर्तणुकीचे दाखले सही करून दिलेले. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "माझा फोटो काढला त्यांनी. बोटांचे ठसे घेतले. आता नाव कुठे लागेल का रे? कुणी बघेल का?" नवरा म्हणाला, "नाही गं आई. अमेरिकेसारखं नाही इथे. कुणाला दिसत नाही, कुणाला कळणार नाही. खलास." त्यांनी डोळे पुसले. मग घरापर्यंतच्या रस्त्यात आमचं ठरलं की पुण्यातल्या नातेवाइकांना आणि बिल्डिंगमध्ये सांगायचं, विमानात तब्येत बिघडली म्हणून एक रात्र दवाखान्यात ठेवलं होतं. दिरालाही तंबी दिली. सासूबाईंनी माझ्याकडून पुन्हापुन्हा वचन घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते एवढंच.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी फराळाला बिल्डिंगमधल्या बायका आमच्याकडे आल्या. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या छोट्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अनारसे जाळीदार झाले होते, पण वरून बोडके. नुकतीच पुण्याहून इथे राहायला आलेली तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, "अय्या, खसखस नाही? थांबा, माझी आई आज रात्रीच्या फ्लाइटने येतेय. तिने घेतलीय भरपूर. उद्या आणून देते."

मी घाईघाईने म्हटलं, अगं, इथे खसखस चालत नाही, आईला सांग, आणू नकोस. ती हसली. शेजारची म्हणाली, कागदावर बरंच काही चालत नाही, माझ्या जावेने दोनदा आणली, कुणी बघितलंसुद्धा नाही. दुसरीने री ओढली. विषय चकल्यांवर गेला. नवरा स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे डोळे वटारून बघत होता, आणि मी वचनाने बांधलेली. मला इतका राग आला, पण कुणाचा ते कळेना.

सासूबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली.

"मला अटक झाली होती," त्या म्हणाल्या. "त्याच खसखशीसाठी. दवाखान्यात नव्हते मी, कोठडीत होते."

वर्गात उभं राहून बोलावं तशा त्या सगळं क्रमाने सांगत गेल्या. बॅग कशी उघडली, फोटो कसा काढला, एकेक बोट काचेवर कसं दाबून घेतलं, रात्र कुठे काढली. काही झाकलं नाही. आवाज कुठेही अडखळला नाही. नवरा दाराला टेकून मान खाली घालून उभा होता. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की उठून पाया पडावं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा चेहरा उतरला होता. तिने फोन लावला. पलीकडून तिची आई वैतागलेल्या सुरात म्हणाली, अगं टॅक्सी खाली आलीये, बॅगा बांधून झाल्यात, आता काय काढलंस?

सासूबाईंनी तिच्या हातून फोन घेतला. "ताई, नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "टॅक्सीला थांबू दे. मी फोनवरच आहे. आधी ती बॅग उघडा."