झांजेचे सात सेकंद

तारीख १० मार्च १९८९, शुक्रवार. रक्कम एकवीसशे रुपये, इसाराची. हजर तिघे: शेठ, वायरमन आणि मी. जागा, कामतघरला शेठच्या कारखान्यावरची माडी.

शेठ चोवीस यंत्रमागांचे मालक. घराणं कोकणी मुसलमानांचं, तीन पिढ्या भिवंडीत कापडात. मी त्यांचा मेहता, म्हणजे हिशेब लिहिणारा. माझी केबिन मागांच्या रांगेला लागून होती आणि तिचं दार बंद व्हायचं नाही, कारण बिजागरी मोडली होती आणि बंद केलं तरी आतला पंखा पुरत नसे. वायरमन पूर्ण्याचा, भिवंडीजवळच्या खेड्यातला. सुताला खळ लावतात त्या एका सायझिंगमध्ये नोकरीला होता. बॉयलर, मोटारी, फ्यूज सगळं तोच बघायचा. वयाने आमच्याहून दहा वर्षांनी लहान.

आम्हा तिघांना एकच नाद, रेकॉर्डी ऐकण्याचा. खरं तर गाण्याइतकाच यंत्रांचा. १९८३ पासून दर शुक्रवारी दुपारी माडीवर जमायचो. शुक्रवारच का, तर त्या दिवशी भिवंडीतले माग बंद. इतर दिवशी खालचा दणका जमिनीतून वर यायचा आणि सुई रेकॉर्डवरून उडी मारायची. शुक्रवारची अडचण वेगळी होती. सगळे माग बंद म्हणून विजेचा दाब वाढायचा. एरवी एकशेऐंशी असलेला काटा अडीचशेला टेकायचा. त्यासाठी वायरमनने एक पेटी बनवली होती, ती दाब धरून ठेवायची.

शेठकडे रेकॉर्डी चारशे बारा. रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर त्यांच्या भावाने कुवेतहून आणलेले. रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्याने धुऊन, पंच्यावर उभी करून वाळवायची. एक रेकॉर्ड एका दिवशी दोनदा लावायची नाही, कारण गरम झालेली खाच लवकर झिजते. सुई किती तास चालली ते मी वहीत मांडायचो आणि पाचशे तास झाले की बदलायला लावायचो. वायरमनच्या स्वतःच्या रेकॉर्डी दोनशेच्या आसपास होत्या. पगारातून एक एक घेतलेल्या.

आणि अॅम्प्लिफायर वायरमनचा. विकतचा नव्हे, त्याने केलेला. त्याचा ट्रान्सफॉर्मर त्याने हाताने गुंडाळला होता, वेढे मोजत, सायझिंगमधून आल्यावर रोज थोडे थोडे. आठ महिने लागले. पुढे तीन बटणं: खाली, मध्य, वर. ढोलाचा आवाज खाली, माणसाचा मध्य, झांज आणि तारा वर.

माझं काम गुण देण्याचं. हे कधी ठरलं ते आठवत नाही, पण ठरलं होतं. नवीन सुई आली, वायर बदलली, कंडेन्सर बदलला की आधी मी ऐकायचं आणि वहीत तीन आकडे लिहायचे, दहापैकी. शेठ पाहुण्यांना सांगत, "मशीन माझं, मेहनत याची, कान मेहताजींचे. हे बोलले पास, तर पास."

उगाच गुण देणं मला पटत नसे. म्हणून 'वर'साठी मी एक माप काढलं. शेठकडे एक भजनाची रेकॉर्ड होती. तिच्या दुसऱ्या बाजूला सुरुवातीला झांजेचा एकच ठोका आहे, आणि मग तबला सुरू होईपर्यंत काही नाही. ठोका पडला की मी मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा बघायचो. झणकार विझला की बोट वर करायचो. १९८३ मध्ये पहिल्या शुक्रवारी आकडा आला सात.

१९८५ मध्ये तो सहा झाला. १९८७ मध्ये पाच.

मी सांगितलं, वरचा आवाज उतरतोय. वायरमन म्हणाला, "बघू मंग, कंडेन्सर सुकला आसंल." बदलला. आकडा पाचच. शेठ हसले. "अरे वायरमन, तुझं मशीन म्हातारं झालं काय? माझ्या आधी?"

"शेठ, तुमच्या आदी कोन म्हातारा होतंय."

तेव्हा हसण्यावारी गेलं. मग मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. हिशेबात फरक आला की मी एक एक रकाना तपासून बाद करतो, तसंच इथे केलं. आधी रेकॉर्ड झिजली का, म्हणून तीच रेकॉर्ड मुंबईहून कोरी आणवली. आकडा तोच. सुई नवी घातली. तोच. शेठने स्पीकरमधले बारीक आवाजाचे ट्विटर बदलले, साडेसातशे रुपये गेले. तोच. चारातल्या तीन गोष्टी निर्दोष ठरल्या. उरला अॅम्प्लिफायर. पाचवी गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

आता १० मार्चचं. वायरमनला सायझिंग सोडायचं होतं. कारखान्याच्या खाली रस्त्याला लागून शेठचा एक गाळा रिकामा होता. तिथे त्याला अॅम्प्लिफायर बनवण्याचं दुकान टाकायचं होतं. शेठच्या ओळखीतल्या पाच जणांनी मशीनं सांगितली होती, पण ते सगळे शेठच्या शब्दावर थांबलेले, आणि शेठ माझ्या. ठरलं असं की वायरमनने मशीन पुन्हा नीट जुळवून आणावं, मी ऐकावं आणि पास झालं की शेठने इसार घ्यावा. वायरमन एकवीसशे रुपये रुमालात बांधून आला होता. त्याने ते टेबलावर रेकॉर्डच्या कव्हराखाली ठेवले आणि स्वतः दाराशी बसला. एरवी तो मशीनजवळ बसत असे.

शेठने सुई ठेवली. ठोका पडला. मी काटा बघत होतो. तीन सेकंदांनी बोट वर केलं.

शेठ म्हणाले, "पुन्हा लावू?"

एका दिवशी एक रेकॉर्ड दोनदा लावायची नाही हा नियम माझाच होता. मी म्हणालो, "नको. तीन म्हणजे तीन."

"मेहताजी," वायरमन म्हणाला, "जरा बघा ना, तुमी कुठं बसलाव... तिकडं आवाज कमी जात आसंल."

"सहा वर्षं इथेच बसतोय. खुर्चीच्या पायांच्या खुणा आहेत जमिनीवर."

मी वहीत लिहिलं: खाली ८, मध्य ८, वर ३. शेरा, नापास. शेठने कव्हराखालचा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. "वायरमन, तू मनाला लावून घेऊ नको. पण पाच माणसांना मी काय सांगू? नंतर शिव्या मला पडतील." महिन्याभरात गाळ्यात सुताच्या गोणी लागल्या.

शेठनाही सात ऐकू येत नव्हते, हे मी आता सांगू शकतो. ते जन्मापासून मागांच्या आवाजात वाढलेले. पण त्यांनी आपले कान कधी मध्ये आणले नाहीत. माझ्यावर सोडून मोकळे झाले. मी नव्हतो झालो मोकळा. मी आकडा लिहीत होतो.

वायरमनने पुढची दोन वर्षं त्या मशीनमागे घालवली. आधी कंडेन्सर, मग ट्रान्झिस्टर, मग सर्किटची सगळी पट्टीच नवीन. प्रत्येक वेळी गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून पूर्ण्याहून आणायचा. प्रत्येक वेळी मी तीन लिहायचो. एकदा अडीच लिहिले. बाहेरचे जपानी सुटे भाग आणण्यासाठी त्याने त्याच्या रेकॉर्डी विकल्या, दोनशेच्या दोनशे, एका भंगारवाल्याला, नगावर. मी विचारलं, किती आले. तो पेटीची दोरी सोडू लागला. शेवटी त्याने ट्रान्सफॉर्मर उलगडला, आठ महिन्यांत गुंडाळलेला, आणि वेढे कमीजास्त करून पुन्हा गुंडाळला. तो १९९१ च्या मे महिन्यात माडीवर लावल्यावर चौथ्या मिनिटाला जळला. वास दोन दिवस राहिला. वायरमनने पेटी उचलली आणि जिना उतरला. शेठ वरून म्हणाले, "चहा तरी घेऊन जा." त्यानंतर तो आला नाही.

शेठने कुवेतहून तयार मशीन आणवलं, चकती लावायची आणि बटण दाबायचं. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. मी चार शुक्रवार गेलो, मग जाणं बंद झालं. खोटं कशाला बोलू, त्याच भजनाची चकती लावली तेव्हा नव्या मशीनवरही मला झांज तीनच ऐकू आली होती. मी ते वहीत लिहिलं नाही. मला वाटलं, सगळ्याच मशीनांचं असं होत असेल.

१९९५ च्या दिवाळीत मुलीने मला आकड्यांचं घड्याळ दिलं. दर तासाला वाजणारं. चार दिवसांनी बायको म्हणाली, "ते घड्याळ बंद तरी करा, सारखं टीटी करतं."

"कुठे वाजतं?"

"अहो, आत्ता वाजलं."

मुलीने घड्याळ माझ्या कानाशी धरून बटण दाबलं. मला तिचा अंगठा दिसला. बाकी काही नाही. ती हसत होती, मग हसायची थांबली.

ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एका खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि एक आलेख काढला. रेघ डावीकडून सरळ येते आणि उजवीकडे, बारीक आवाजांकडे, खाली कोसळते. त्यांनी विचारलं, "राहता कुठे?" मी म्हटलं, भिवंडी, मागांच्या कारखान्यात मेहता आहे. त्यांनी आलेखाच्या कोपऱ्यात 'माग' असं लिहिलं. "हे एका दिवसात होत नाही," म्हणाले. "दहाबारा वर्षं तरी चाललं असेल. आता परत येणार नाही." ठाण्यातच श्रवणयंत्र घेतलं.

घरी येऊन मी जुनी वही काढली. 'वर'चा रकाना: सात, सहा, पाच, तीन, अडीच. डॉक्टरांचा कागद शेजारी ठेवला. मी आठ वर्षं शेठच्या माडीवर बसून, घड्याळ लावून, तारखेनिशी माझे कान मोजले होते आणि ते आकडे दुसऱ्याच्या नावावर टाकले होते. आयुष्यात माझ्या हिशेबात एक पैशाचा फरक निघाला नाही, हे मी लोकांना सांगत आलो. हा निघाला.

वायरमनकडे लगेच जायला हवं होतं. मी अकरा महिने गेलो नाही. कारण देता येत नाही.

१९९६ च्या ऑक्टोबरात गेलो. पूर्ण्याला रस्त्याकडेला गोदामांचे पत्रे चढायला लागले होते. वायरमन ओटीवर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. अजून सायझिंगमध्येच होता, फावल्या वेळात अशी कामं करायचा. तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. त्याने मान वळवून मोठ्याने म्हटलं, "बोल्लो, पाच वर्सांनी रस्ता गवसला काय, मेहताजी? आन् कानात काय घातलाव?"

मी सांगितलं. वही आणि डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने हात फडक्याला पुसले आणि आकड्यांवरून बोट फिरवत खालपर्यंत गेला.

"म्हंजे मशीन बरोबर व्हता."

"बरोबर होतं."

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

त्याने मिक्सरचा एक स्क्रू उचलला, बघितला, ठेवला. "मना सात आयकू येत व्हते," तो म्हणाला. "त्या दिवशीपन सात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी घड्याल लावून तीन बोल्लाव. तुमचा आकडा कदी चुकला हाय? मना वाटला, मनाच भास होतंय."

मी विचारलं, पेटी कुठे आहे. त्याने आत बोट दाखवलं. चुलीच्या वरच्या फळीवर ती होती, तीन बटणांसकट. "सुके बोंबील ठेवते बायको. झाकन घट्ट हाय, मांजराला उघडत न्हाय."

मी पैसे नेले होते. एकवीसशे आणि वर काही. ते खिशातून काढायची हिंमत झाली नाही. कुठल्या रकान्यात देणार होतो?

त्याने हात पुढे केला. "द्या बघू ता यंत्र."

मी कानातून काढून दिलं. त्याने ते आपल्या कानात धरलं आणि डोळे मिटले, शुक्रवारी मिटायचा तसे. ओटीसमोर कोंबड्या फिरत होत्या, लांब कुठेतरी पत्रा ठोकत होते. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. तो बराच वेळ ऐकत होता.

मग त्याने ते काढलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यात वर कायच न्हाय, मेहताजी. धापैकी दोन."

त्याने मागचं झाकण उघडलं. सेलची पट्टी सैल आणि काळी पडली होती. ब्लेडने घासली, चिमट्याने वाकवली, झाकण लावून परत दिलं. मी कानात घातलं तेव्हा तो मिक्सरकडे वळला होता.

"किती झाले?" मी विचारलं.

"पाच रुपये."

श्रवणयंत्राचे तीन हजार दोनशे रुपये ठाण्याच्या दुकानदाराला दिले, पावती आहे. सेलची पट्टी घासल्याचे पाच रुपये वायरमनला दिले, पावती नाही. तेरा वर्षांत माझ्याकडून त्याला गेलेली ही एकच रक्कम.