निळ्या डोक्याचा पत्र्या

चोपड्याजवळच्या आमच्या खेड्यात, गल्लीतला पहिला टीव्ही आमच्या घरी आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. त्या काळी सगळे करत तसं आम्हीही पडद्यावर तीन रंगांचा प्लास्टिकचा कागद लावला होता. वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा. टीव्ही रंगीत झाला असं आम्ही धरून चाललो.

जळगावचं केंद्र आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वीस फुटी लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, जोडीला बूस्टर. एवढं असूनही पडद्यावर मुंग्याच जास्त. मात्र एक गोष्ट लवकरच लक्षात आली. पाइप हातानं धरून ठेवला की चित्र स्वच्छ यायचं आणि सोडला की जायचं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, पाइपला तार गुंडाळून पाहिली, ओला गोणपाट बांधून पाहिला. हातासारखा गुण कशानंच आला नाही.

रविवारी सकाळी एका यंत्रमानवाची कार्टून मालिका लागायची. इंग्रजीत होती. त्याचं नाव घ्यायला कुणाची जीभ वळेना, म्हणून गल्लीनं त्याला पत्र्या म्हणायला सुरुवात केली. पत्र्या भंगाराच्या ढिगातून उठलेला होता. दर भागात तो कुणाला तरी वाचवायचा आणि ताकद संपली की असेल तिथे उभ्याचा उभा थांबायचा. खोलीत मी मोजलेली जास्तीत जास्त पोरं चौदा. आई दारात तांदूळ निवडत बसायची. नाना मात्र धाब्यावर, पाइप धरून. पोरांनी वर चढायचं नाही, हा त्यांचा नियम होता. केळीच्या बागेतून ते रविवारी मुद्दाम वेळेवर परत यायचे.

धाब्याला उजेडासाठी एक झरोका होता. त्यातून नाना विचारायचे, “उनं का?”

“उनं! उनं!” आम्ही ओरडायचो. आमच्या बोलीत उनं म्हणजे आलं. वाऱ्यानं पाइप हलला की, “गयं! नाना, गयं!”

मग ते पुन्हा फिरवायचे. चित्र स्थिरावलं की वरून पुढचा प्रश्न यायचा, “आते काय करी राह्यना तो?” मी झरोक्याखाली उभा राहून सांगायचो. पत्र्या नदीत उतरला, पत्र्यानं पूल उचलला. एकदा त्यांनी विचारलं, “दिसस कसा पण?” मी सांगितलं, “डोकं निळं आहे, छाती नारिंगी, पाय हिरवे.”

समोरची काकू पाणी घेऊन जाताना दर रविवारी तेच बोलायची. “काय नाना, पतंग उडाई राह्यनात का?”

“हा! मांजा सोडू नको सांगेल शे पोरंस्नी,” नाना वरून म्हणायचे.

मी वहीत नोंद ठेवत होतो. एकूण भाग सव्वीस. मी पूर्ण पाहिले एकोणीस, वीज गेल्यामुळे बुडाले चार, अर्धे पाहिले तीन. आईनं पाहिले आठ. नानांच्या नावापुढे शून्य. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पुढे मी जळगावला नोकरीला लागलो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एके दिवशी टॉकीजबाहेर पोस्टर दिसलं. त्याच मालिकेवरून काढलेला सिनेमा, हिंदीत, रोज फक्त सकाळचा खेळ, तोही आठवडाभर. जुनी वही आठवली. तिच्यातलं ते शून्य आठवलं.

अडचण डोळ्यांची होती. नानांचा उजवा डोळा तोवर गेल्यातच जमा होता. डाव्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. म्हणजे पत्र्या दाखवायचा तर याच आठवड्यात, आहे त्या डोळ्यावर. मी गावी जाऊन त्यांना विचारलं.

“माले काय दिसनार तठे?” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “तोच शे का? आपला?”

“तोच.”

“मंग चाल.”

एस.टी.नं दीड तास लागला. टॉकीजमध्ये निम्मी पोरं आणि निम्मे माझ्या वयाचे, जरा ओशाळलेले. आम्ही पाचव्या रांगेत बसलो. दिवे गेले, पत्र्या आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. नाना सरळ समोर बघत होते.

“उनं का?” मी हळूच विचारलं.

“नही. बठ्ठं धूर शे.”

त्यांना सगळा धूरच दिसत होता. मी सांगायला लागलो. भंगार आहे, तो उठतोय, हात झटकतोय. दहा-बारा मिनिटं तसंच चाललं. मला वाईट वाटत होतं. पुन्हा ते ऐकतच होते, फक्त या वेळी छताखाली बसून. मग घरी ते घड्याळ कसं बघतात ते आठवलं. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं. मी त्यांच्या हनुवटीला हात लावला आणि डोकं थोडं डावीकडे फिरवलं.

“आता?”

“नही.”

अजून थोडं डावीकडे. मग जरा खाली.

“थांब,” नाना म्हणाले. “थांब, थांब. उनं.”

मागून एकजण म्हणाला, “ओ बाबा, मुंडकं सरळ करा ना, दिसत नाही.”

“सरळ करं तं माले दिसत नही, भाऊ,” नाना न वळता म्हणाले. तो माणूस शेजारच्या खुर्चीवर सरकला.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हाऊ तो नही.”

“तोच आहे, नाना.”

“हाऊ पिवया शे. आपला निया व्हता. तूच सांगे.”

पडद्यावरचा पत्र्या डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता, हे मी तोवर नीट पाहिलंही नव्हतं. मी कबूल केलं की निळं डोकं त्या प्लास्टिकच्या कागदाचं होतं. पत्र्या वाकला की त्याचं डोकंसुद्धा नारिंगी व्हायचं, आणि हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं चुकीची माहिती त्यांच्याजवळ राहिली, याची मला लाज वाटली.

नाना हसले. “राहू दे. मी निया धरी ठेवेल व्हता, तोच बरा.”

पण नजर त्यांनी काढली नाही. मान आपसूक सरळ व्हायची आणि ते म्हणायचे, “गयं.” मी पुन्हा फिरवायचो. तीनदा तसं झाल्यावर मी हात काढलाच नाही. शेवटी पत्र्याची ताकद संपली आणि तो उभ्याचा उभा थांबला, तोवर माझा हात त्यांच्या हनुवटीखाली होता. मी घड्याळ पाहिलं होतं, पस्तीस मिनिटं. खांदा भरून आला होता. पाइप यापेक्षा जड होता आणि वीज गेलेले चार सोडले तरी रविवार बावीस होते.