तारंखालचं वाढं

"ए, खाली बस. फोटोत यायलीस."

प्रचाराच्या सभेत स्टेजच्या पायरीवर कार्यकर्त्यानं माझ्या हातातली घोंगडी ओढून घेतली आन् असं म्हणला. सगळ्या गावासमोर. घोंगडी माझ्या आईची, लोकर आमच्या मेंढ्यांची. मानाच्या माणसाला आमच्यात घोंगडी घालत्यात, हातात काठी देत्यात. ती मी अक्कासाहेबांच्या खांद्यावर घालायची, असं ठरलं होतं. घातली त्यानंच. माईकवर म्हणले, "मेंढपाळ भगिनींकडून सत्कार." नाव न्हाई, काय न्हाई. मी खाली येऊन आईजवळ मातीत बसले.

अक्कासाहेब म्हंजे आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमनची पोरगी. विधानसभेला उभी होती. सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसायची. पहिला नंबर माझा यायचा. तिचा कितवा यायचा, तिचं तिलाच ठाऊक. पुढं ती बीडला शिकायला गेली आन् मी मेंढ्यांमागं. तवापासून मला तिचा हेवा वाटतो. लपवायचं कशाला? जीप आन् साड्या जाऊ द्या, तेवढं कळतं मला. मी जळायची तिच्या बोलण्यावर. ती बोलायला लागली की शिरूर कासारच्या बाजारातली माणसं गप व्हायची. मी बोलले तर आमचं कुत्रं बी मान वळवत न्हाई.

सभेच्या चार दिस आधी तिनं मला बंगल्यावर बोलावलं. खुर्चीवर बसवलं, च्या दिला.

"अगं, तुझं नावच आठवंना बघ," म्हणली आन् हसली.

सात वर्सं एका बाकावर! मी नाव सांगितलं. मग ती म्हणली, "दुष्काळाचं सांग ना. तुला सगळं ठाऊक हाय. सभेत तू पाच मिनिटं बोल. तुमच्या लोकांचं तुमच्या बाईच्या तोंडून यावं."

पाच मिनिटं. माईकवर. मी अशी हुरळले, की विचारू नका. भडाभडा सांगत सुटले.

सांगितलं ते असं. दुष्काळात सोसायटीनं माळावर जनावरांसाठी चारा छावणी उघडली. तारंचं कुंपण, गेटवर राखणदार. माझा बाप मेंढ्या घेऊन गेला. चेअरमन म्हणले, "गाई-म्हशी आण. ल्हान जनावर कागदात बसत न्हाई." बाप म्हणला, "मालक, कागदात न्हाई, पण पोट तर हाय." गेट लागलं. मग मी रोज तारंखालून हात घालून वाढं येचायची. उसाचे हिरवे शेंडे, म्हशींच्या पायाखाली तुडवलेले, शेणानं भरलेले. तेवढ्यावर आमची निम्मी मेंढरं जगली. एक दिस राखणदारानं हातावर काठी घातली. मनगट फुटलं. वण अजून हाय.

एवढंच सांगितलं. एक गोष्ट गाळली. काठी पडली तवा चेअरमनची जीप तिथंच उभी होती आन् जीपमध्ये ही बसलेली होती. तिनं मला बघितलं. मी तिला. तिनं काच वर केली. बंगल्यावर तिचा च्या पिताना हे कसं काढावं, म्हणून भिडंखातर मी गप बसले. माझी चूक तीच.

चार दिस मी मेंढ्यांसमोर भाषण पाठ केलं. "बंधू-भगिनींनो" म्हणलं की त्या वर बघायच्या आन् परत चरायला लागायच्या. नारायणगडाच्या जत्रेत घेतलेलं नवं लुगडं नेसून सभेला गेले. मग ते घोंगडीचं झालं. तरी बसून राहिले. म्हणलं, नाव पुकारत्याल.

अक्कासाहेबांनी माईक घेतला.

"मी तुमचीच लेक हाय. ह्या हातानं मी छावणीच्या तारंखालून वाढं येचलंय. ह्या हातावर काठी खाल्लीय!"

आन् हात वर केला. गोरा, बांगड्यांचा हात. त्यावर कसला वण?

टाळ्या पडल्या. शेजारी बघते तर आई रडायली. माझी सख्खी आई! पदरानं डोळे पुसत म्हणली, "लई सोसलं गं पोरीनं."

"आई, ते माझं हाय."

"गप. ऐकू दे."

अंगाची लाही झाली. जीप तिची, सोसायटी तिची, मतदारसंघ तिचा. घे म्हणलं. पण माझ्या वाट्याचं आईचं रडणं बी तिलाच? मी उठले. कार्यकर्ता आडवा आला, त्याला ढकलून स्टेजवर चढले. तिच्या खांद्यावरची घोंगडी ओढली.

"ही आमची हाय."

ती हळूच म्हणली, "कावून तमाशा करायलीस? देते ना नंतर बोलायला."

शाळा सुटल्यापासून मी तिला अहो-जाहो करत आले होते. त्या दिवशी तोंडातून नीट निघालं.

"वाढं मी येचलं. तू जीपमधून बघितलंस. काच वर केलीस."

माईक तिच्या हातात चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. तिनं खाली बघितलं. मग कुणीतरी हसलं, भोंग्यावर गाणं लागलं आन् दोघांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं.

ती निवडून आली. आमच्या वस्तीनं बी तिलाच मत दिलं. वर मलाच नावं ठेवली. मानाची घोंगडी कुणी परत घेतं का, म्हणले. आई महिनाभर माझ्याशी बोलली न्हाई. आता अक्कासाहेब तिकडं मुंबईत विधानसभेत बोलती, हिकडं मोबाईलवर दिसती. मी बघते आन् जळते. अजून जळते. हे विझू द्यायचं न्हाई, असं मी ठरवलंय.

पुढच्या निवडणुकीला मीच उभी राहायची, म्हणून तहसीलला जाऊन विचारून आले. अपक्षाला दहा सूचक लागत्यात. म्हंजे हिला उभी करा असं सही-अंगठ्यानं सांगणारी, मतदारसंघातली दहा माणसं. पहिल्यांदा आईला विचारलं. तिनं माझं मनगट धरलं, वणावरून बोट फिरवलं. मग म्हणली, "कुठं करायचा अंगठा?" आन् वर म्हणली, "पडशील, पोरी."

पडंन की. पण माझं आता मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी देणार न्हाई. आन् मतदानाच्या दिशी अक्कासाहेब बी आत जाईल, यंत्रासमोर एकटी उभी राहील. तवा तिला माझं नाव वाचावं लागंल. सगळं. माझ्या बापाच्या नावासकट.